कुडीची दांडी

गेल्या वैशाखात आमच्या पुतण्याची मुंज झाली. आदल्या दिवशी ग्रहमखाच्या गडबडीत आमच्या मातोश्रींच्या उजव्या कानातील मोत्यांच्या कुडीची दांडी मोडली आणि कुडी कोठे तरी पडली. ती संध्याकाळी सापडली ती निवडलेल्या तांदळांच्या सुपात. मातोश्रींनी ती पदराच्या टोकास बांधली व मुंज एका कानाने साजरी केली. कार्य आटोपल्यावर ती दुरुस्त करून आणण्याचे काम अर्थातच आमच्याकडे आले.

आम्ही ती शहरातील एका मोठ्या पेढीत दिली. आठ दिवसांनी ती मखमलीच्या डबीतून परत आली, तेव्हा दांडी घट्ट बसलेली होती यात संशय नाही. परंतु कुडी कानात घालताच फूल पुढे ओणवून खाली पाहू लागले. दोन मोत्यांचे पाणी उतरून त्यांवर पिवळट झाक आली होती, आणि फिरकी दोन आटे जाऊन तेथेच अडत होती. मातोश्रींनी आरशात एकदा पाहिले, कुडी काढून ठेवली आणि एवढेच म्हणाल्या, "ही आता माझी राहिली नाही." ज्या स्त्रीने तो डाग साठ वर्षे कानात वागविला, तिच्या तोंडचे हे शब्द ऐकून पेढीशी हुज्जत घालण्याचे त्राणही आम्हांस उरले नाही.

पुढे एका स्नेह्यांनी जुन्या पेठेतील एका वृद्ध कारागिराचा पत्ता दिला. त्यांनी काम घेतले ते एका अटीवर. "साहेब, वेळ लागेल. घाई असेल तर नेलेलीच बरी." आम्हांस घाई नव्हती. त्या दिवशी आम्ही त्यांच्या ऐरणीशेजारच्या पाटावर सुमारे तीन तास बसलो. त्या तीन तासांत प्रत्यक्ष विस्तव चालला असेल पाच मिनिटे. बाकीचा सर्व वेळ ते गृहस्थ काय करीत होते, हाच आजच्या लेखाचा विषय.

आपल्यापैकी बहुतेकांची समजूत अशी असते की सोनार दोन भाग एकमेकांस लावतो, त्यांवर डाख ठेवतो, फुंकणीने जाळ देतो आणि डाख वितळून भाग चिकटतात. डाख म्हणजे ज्या कमी उष्णतेत वितळणाऱ्या धातूने दागिन्याचे भाग झाळतात ती धातू. ही समजूत खोटी नाही, पण लग्नात अंतरपाट दूर होतो म्हणून लग्न लागते असे म्हणण्यासारखी ती आहे. खरा सांधा विस्तवापूर्वीच जुळलेला असावा लागतो. डाख वितळला की पाण्यासारखा पातळ होतो आणि दोन पृष्ठभागांमधील केसासारख्या फटीत आपण होऊन शिरतो. दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच नियमाने हे घडते. फट जितकी अरुंद, तितका तो अधिक ओढला जातो. फट रुंद असली तर तो मध्येच थबकतो, गोळा होतो, किंवा एका बाजूस पसरून दुसरी कोरडी ठेवतो. डाखाने खड्डा भरून काढू असे म्हणणारा कारागीर भिंतीची भेग चुन्याने लिंपणाऱ्या गवंड्यासारखाच होय.

आमच्या कारागिरांनी प्रथम काय केले असेल, तर सगळे मोती उतरविले. सोन्याच्या बारीक तारांचे पीळ उलगडून मधला एक आणि भोवतीचे सहा मोती त्यांनी काढले आणि कागदावर फुलाची आकृती काढून जेथला मोती तेथे ठेवला. आम्ही कारण विचारले तेव्हा ते हसले. मोती हा दगड नव्हे. चुनखडीच्या सूक्ष्म पापुद्र्यांना जीवजन्य द्रव्याने सांधून शिंपल्यातील प्राण्याने तो घडविलेला असतो. विस्तवाजवळ ते द्रव्य करपते आणि आंबट पाण्यात चुनखडी विरते. पेढीतील कामगाराने मोती न काढताच जाळ दिला असावा, हे त्या दोन पिवळ्या मोत्यांनी आम्हांस आधीच सांगितले होते.

नंतर दांडीची जागा. आम्हांस वाटत होते की दांडी फुलाच्या बरोबर मध्यभागी असावी, आणि पेढीनेही ती तेथेच बसविली होती. कारागिरांनी चकतीच्या पाठीवर सुईने एक बारीक खूण केली, ती मध्याहून सुमारे दोन तांदूळ वर. मोती सर्व पुढच्या अंगास असल्याने कुडीचा भार पुढे झुकतो. दांडी मध्यावर असली तर कानाच्या पाळीत ती तिरपी होते व फूल ओणवते. दांडी वरच्या अंगास असली म्हणजे फुलाचा खालचा भाग पाळीवर टेकतो आणि फूल समोर पाहते. ही गोष्ट पदार्थविज्ञानाच्या कोणत्याही विद्यार्थ्यास फळ्यावर सिद्ध करून दाखविता येईल. पण आमच्या हातांत तीच कुडी असताना ती आमच्या ध्यानात आली नव्हती, हेही येथे कबूल केले पाहिजे.

खुणेवर त्यांनी चकतीस आरपार न जाणारा एक अगदी उथळ खळगा पाडला आणि दांडीचे टोक कानसून त्या खळग्यात नेमके बसेल असे केले. दांडी बसवायची, भिंगातून पाहायचे, काढायची, दोनदा कानस फिरवायची, पुन्हा बसवायची. हा क्रम आम्ही मोजला नाही, पण पंधरा वेळा तरी चालला असेल. शेवटी त्यांनी चकती उजेडासमोर धरली. दांडी आणि चकती यांच्यामधून उजेडाची रेघ दिसत नव्हती. "आता बसली," ते म्हणाले. अद्याप शेगडी पेटायची होती.

बसलेली वस्तू बसलेली राहणे, हे या कामातील दुसरे संकट. त्याचे कारण असे, की ज्या टाकणखारावाचून झाळकाम होत नाही तोच टाकणखार जुळविलेले भाग हलवून टाकतो. धातू तापली की हवेतील प्राणवायूने तिच्यावर पुट चढते आणि पुट चढलेल्या धातूस डाख शिवत नाही. टाकणखार वितळून काचेसारखा होतो, ते पुट विरघळवितो व पृष्ठभाग झाकून ठेवतो. परंतु टाकणखाराच्या स्फटिकात पाण्याचे दहा अणुगट बांधलेले असतात. उष्णता लागताच ते पाणी उकळून बाहेर पडते आणि खार लाहीसारखा फुगतो. त्या फुगवट्यावर दांडी, कडी किंवा रवा, जे काही ठेवले असेल ते, तिरपे होते किंवा खाली घरंगळते. खार सुमारे ७४३ अंश सेल्सिअसला वितळून खाली बसतो खरा, पण घसरलेला भाग काही आपल्या जागी परत येत नाही. म्हणून शहाणा कारागीर खार सहाणेवर पाण्यात उगाळून दुधासारखा पातळ करतो, चिमूटभर भुकटी टाकीत नाही, आणि प्रथम दुरूनच मंद आच देऊन पाणी हळूहळू जाऊ देतो. आमच्या गृहस्थांनी हा वेळ इतका सावकाश घालविला की फुगवटा उठला न उठला तोच शमला. तेवढ्यातही दांडी रेसभर कलली, ती त्यांनी लांब सुईच्या टोकाने, जाळ न थांबविता, सरळ केली.

दांडीला आधार कसला होता, हे सांगावयाचे राहिले. चकती त्यांनी कोळशाच्या सपाट केलेल्या तुकड्यात खाच करून पालथी बसविली होती. कोळसा उष्णता परत फेकतो, आणि त्याचा उपयोग एवढाच नव्हे. तो मऊ असल्याने हव्या त्या आकाराची खाच त्यात नखाने पाडता येते, आणि तो स्वतः जळताना जवळपासचा प्राणवायू खाऊन धातूवर पुट चढू देत नाही. दांडी एका चिमट्यात धरली होती आणि चिमट्याचे दुसरे टोक ओल्या मातीच्या गोळ्यात रोवले होते. विलायती दुकानांत याच कामासाठी बिजागरीचे, कोणत्याही दिशेस वळणारे चिमटे मिळतात. त्यांस तेथील कारागीर तिसरा हात म्हणतात. मातीच्या गोळ्याने काम भागत असल्याने आमच्या कारागिरांना त्याची गरज भासलेली दिसली नाही.

मोठे भाग असले तर लोखंडी तारेने बांधण्याची चाल आहे. पण तेथेही एक मेख आहे. तापल्यावर सोने लोखंडापेक्षा अधिक प्रसरण पावते आणि चांदी तर त्याहूनही अधिक. म्हणजे तार तेवढी ढिली होत नाही आणि आतील मऊ झालेल्या धातूत ती रुतते. यासाठी जाणते लोक तारेस मध्ये मध्ये नागमोडी मुरड देतात. प्रसरण झाले की ती मुरड सरळ होते आणि दागिना वाचतो. तीच तार काढण्यास विसरून दागिना आम्लाच्या पाण्यात टाकला, तर पाण्यात उतरलेले तांबे लोखंडाच्या संगतीने दागिन्यावर बसते आणि सोने तांबूस दिसू लागते. घरी आलेल्या नव्या दागिन्यावर कधी कधी असा तांबडा डाग दिसतो व घरातील वडील मंडळी ताबडतोब सोन्यात खोट असल्याचा निर्णय देतात. खोट सोन्यात असेलच असे नाही. ती तारेचीही असू शकेल.

आता जाळाकडे वळू. दांडी बारीक आणि चकती मोठी. सरळ सांध्यावर जाळ धरला तर दांडी क्षणात लाल होते, चकती मात्र थंडच राहते. वितळलेला डाख नेहमी अधिक तापलेल्या भागाकडे धावतो. तो सांधा सोडून दांडीवर चढतो आणि मळसूत्राचे आटे भरून टाकतो. आमची फिरकी दोन आट्यांवर का अडत होती, ते आम्हांस आता कळले. कारागिरांनी आट्यांना गेरूचा ओला लेप दिला, कारण गेरू असेल तेथे डाख जात नाही. मग चकतीच्या कडेकडेने ज्योत फिरवीत त्यांनी चकतीच आधी तापविली. दांडीकडे ज्योत वळली ती शेवटच्या दोन-तीन क्षणांत. डाखाचा तुकडा अर्ध्या मोहरीएवढा होता. तो एकदम चमकला, सांध्याभोवती एक उजळ वर्तुळ धावत गेले आणि त्यांनी फुंकणी तोंडातून काढली. पाहणाऱ्यास वाटावे की काम त्या एका क्षणात झाले.

हे झाले एका दांडीचे. पण ज्या दागिन्यांवर शेकडो बारीक रवे बसविलेले असतात तेथे कोणता चिमटा पुरा पडणार? आम्ही हा प्रश्न केला तेव्हा त्यांनी लाकडी डबीतून मूठभर गुंजा काढून दाखविल्या. लाल अंगाची आणि काळ्या तोंडाची ही बी आपल्या वाचकांस तोलण्याचे माप म्हणून परिचित आहे. आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, म्हणजे एका तोळ्यात ९६ गुंजा. पण सोनाराच्या घरी गुंजेचे दुसरेही एक काम आहे. तिचे लाल साल काढून आतील डाळ पाण्यात उगाळली म्हणजे चिकट लेप होतो. त्यात टाकणखार मिसळून त्या लेपाने रवे जागच्या जागी चिकटवितात. लेप वाळला की दागिना पालथा केला तरी रवा पडत नाही. मग त्यावर डाखाची कानसलेली भुकटी भुरभुरतात आणि सर्व रवे एकाच आचेत झाळले जातात. जी बी सोने तोलते तीच ते जोडण्यासही साह्य करते, हा योग आम्हांस मोठा सुंदर वाटला. जाता जाता गृहिणींस एक सूचना करून ठेवतो. गुंजेची डाळ अत्यंत विषारी आहे. फोडलेली किंवा कुटलेली गुंज मुलांच्या हाती लागू देऊ नये.

लेपाचे काम नेमके किती वेळ चालते, हे पाहण्याजोगे आहे. दोन-तीनशे अंशांच्या पुढे तो करपून कोळसा होतो, आणि डाख वितळावयास त्याहून कितीतरी अधिक उष्णता हवी. मधल्या काळात रव्यास धरून ठेवतो तो करपलेल्या लेपाचा सापळा आणि नंतर वितळू लागलेला टाकणखार. या मधल्या काळातच कारागिराची परीक्षा होते. ज्योत जोराने लागली की रवे उडून जातात. रवे कसे करतात हेही त्याच दिवशी समजले. सोन्याच्या तारेचे सारखे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत एकमेकांस न लागतील असे पसरून मुशीत तापवितात. वितळलेला प्रत्येक तुकडा पावसाच्या थेंबाप्रमाणे आपण होऊन गोल होतो.

या गुंजेच्या लेपावरून युरोपातील एक जुने कोडे आठवले. इटलीत रोमन सत्तेपूर्वी एट्रुस्कन नावाचे लोक राहत होते. ख्रिस्तपूर्व सातव्या शतकातील त्यांच्या दागिन्यांवर मिलिमीटरच्या एक पंचमांशाहूनही लहान रवे हजारोंच्या संख्येने बसविलेले आढळतात, आणि भिंगाखालीही त्यांच्या मुळाशी डाख साचलेला दिसत नाही. सेर्वेतेरी येथील रेगोलिनी-गलास्सी नावाची कबर १८३६ साली उघडली तेव्हा असे दागिने मोठ्या प्रमाणावर हाती आले. रोममधील फोर्तुनातो पिओ कास्तेल्लानी या प्रसिद्ध सोनाराने व त्याच्या मुलांनी ही विद्या पुन्हा साध्य करण्यासाठी आयुष्ये वेचली. मार्के प्रांतातील सान्तांजेलो इन वादो या डोंगराळ गावी काही जुनी पद्धत जपणारे कारागीर आढळले, त्यांस त्यांनी रोमला आणले. डाखाची अतिसूक्ष्म भुकटी केली, टाकणखार सोडून दुसरे क्षार वापरून पाहिले. त्यांचे काम अप्रतिम झाले, तरी डाख वापरीत असल्यामुळे रव्यांच्या फटी किंचित् भरून येत आणि जुन्या कामाचा तो मोकळेपणा साधेना.

कोडे सुटले ते १९३३ साली, आणि तेही चिकटविण्याच्या द्रव्यातून. लिटलडेल नावाच्या इंग्रज गृहस्थाने आपल्या पद्धतीसाठी त्या वर्षी पेटंटचा अर्ज केला. त्याची युक्ती अशी. डाख वापरायचाच नाही. तांब्याचा क्षार सरसात किंवा डिंकात खलून त्या लेपाने रवे चिकटवायचे. आच लागली की क्षाराचे भस्म होते, सरसाचा कोळसा होतो, आणि पुढे तो कोळसाच भस्मातील प्राणवायू ओढून घेऊन शुद्ध तांबे मोकळे करतो. आता गंमत पाहा. शुद्ध सोने १०६४ अंशांस वितळते, तांबे १०८५ अंशांस. पण दोन्ही एकमेकांस भेटली म्हणजे योग्य प्रमाणात सुमारे ९१० अंशांवरच त्यांचा रस होतो. म्हणजे रवा जेथे टेकला असेल तेवढ्याच बिंदूवर, सोने वितळण्याच्या बरेच अलीकडे, सांधा तयार होतो. अन्यत्र कोठेही डाखाचा थेंब नाही. प्लिनी या रोमन ग्रंथकाराने पहिल्या शतकात तांब्याच्या हिरव्या खनिजाने सोने जोडीत असल्याचे लिहून ठेवलेच होते. त्या द्रव्याचे ग्रीक नाव ख्रिसोकोला, त्याचा अर्थ सोन्याचा सरस. नाव डोळ्यांसमोर असून अर्थ कळावयास शतके लागली. जो लेप केवळ रवा धरून ठेवतो असे लोक समजत होते तोच सांधणाराही होता.

परंतु आपल्या घरातील तिजोरीशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो पैशाचा आहे. डाखात सोने असते, पण त्याचा रस लवकर व्हावा म्हणून त्यात चांदी, तांबे, जस्त अधिक घालावे लागते. म्हणजे डाख दागिन्याहून हीन कसाचा. भास्कराचार्यांनी ११५० सालच्या लीलावतीत सुवर्णगणित दिले आहे. प्रत्येक सोन्याचे वजन आणि वर्ण यांचा गुणाकार करावा, सर्व गुणाकारांची बेरीज करावी व तीस एकंदर वजनाने भागावे, म्हणजे मिश्रणाचा वर्ण येतो. हेच गणित डाखास लावून पाहू. एक तोळ्याच्या दागिन्यात ९१६ कसाचे सोने ९५ गुंजा आणि ७५० कसाचा डाख एक गुंज असेल, तर सर्व आटवल्यावर कस ९१४ येतो. पण सांधे नीट न जुळवता फटी डाखाने भरल्या आणि डाख पाच गुंजा गेला, तर कस ९०७ वर उतरतो. म्हणजे भाग जुळविण्यात ज्याने कसूर केली नाही त्याचाच दागिना कसास उतरतो. नीट बसलेल्या सांध्यास अर्ध्या मोहरीएवढा डाख पुरतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले.

आमच्या आज्या-पणज्या जुने डाग मोडताना दरवेळी घट निघाली म्हणून सोनारास बोल लावीत. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांस एका दावणीस बांधणारी म्हणही त्यांच्या तोंडी असे. सर्वच सोनार सत्यवचनी होते असे आमचे म्हणणे नाही. पण त्या घटीचा काही भाग चोरीचा नसून डाखाचा होता, एवढे न्यायबुद्धीने मान्य केले पाहिजे. शिवाय त्या म्हणीत कुलकर्ण्याचेही नाव आहे, आणि हे मासिक घेणाऱ्या घरांत कुलकर्णी काही थोडे नाहीत.

डाखामुळे कस उतरू नये म्हणून मध्यंतरी बाजारात एक तोड निघाली. सोन्याच्या ९२ भागांत कॅडमियम नावाच्या धातूचे सुमारे ८ भाग मिसळले की डाखाचा कसही बावीस कॅरटचा राहतो आणि तो वितळतोही सुखाने. 'केडीएम' असे शिक्के मारून असे दागिने वर्षानुवर्षे विकले गेले आणि पुष्कळ घरांत ते शुद्धतेचेच चिन्ह समजले गेले. त्याची किंमत कोणी मोजली, हे मात्र गिऱ्हाइकांस कोणी सांगितले नाही. कॅडमियम ७६७ अंशांस उकळते. म्हणजे झाळताना त्याची वाफ होतेच, आणि ती शेगडीवर वाकलेल्या माणसाच्या छातीत जाते. फुप्फुसे व मूत्रपिंडे यांस ती घातक आहे. आमच्या कारागिरांनी या विषयावर एकच वाक्य उच्चारले. "माझा धाकटा भाऊ त्याच कामावर होता." आम्ही पुढे विचारले नाही. आता १६ जून २०२१ पासून ठरलेल्या जिल्ह्यांत हॉलमार्क सक्तीचा होत गेला, आणि १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांच्या ओळखक्रमांकावाचून हॉलमार्कचा दागिना दुकानदारास विकता येत नाही. कस पाहावयाचा तो त्या खुणेवरून. 'केडीएम' ही अक्षरे डाख कोणता होता एवढेच सांगत असत.

अलीकडे किरणयंत्राने सांधण्याची सोय मोठ्या शहरांतून झाली आहे. किरण टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर पडतो, दागिना हातात धरूनच काम होते, मोती काढावे लागत नाहीत आणि पुष्कळदा डाखही लागत नाही. आम्ही या यंत्राच्या विरुद्ध नाही. पण दांडी मध्यावर बसवावी की दोन तांदूळ वर, हे त्या यंत्रास कोणी तरी सांगावेच लागेल.

आमचा खरा आक्षेप घडणावळीच्या हिशेबावर आहे, आणि तो दुकानदारांइतकाच आपणा गिऱ्हाइकांवरही आहे. आपण मजुरी देतो ती बहुधा वजनाच्या प्रमाणात. पाच तोळ्यांच्या सपाट पाटल्यांना जी मजुरी मिळते तिच्या अल्पांशही पाव तोळ्याच्या कुडीस मिळत नाही, आणि श्रम मात्र उलट प्रमाणात असतात. मग तीन तास भिंग लावून बसणाऱ्या माणसाने पोट कसे भरावे? त्याचा मुलगा बँकेत लागतो, आणि आपण पेढीतील मखमलीच्या डब्या घरी आणतो. नव्या बोरमाळेचे मणी घेताना आपण वजन विचारतो, रंग पाहतो, फार तर कसाची खूण पाहतो. मण्याच्या दोन वाट्या जेथे जुळल्या ती रेघ नखाने चाचपून पाहणारी गृहिणी आम्हांस आजवर एकच आढळली, आणि ती आमची आत्या होती. तिला आम्ही सर्व जण संशयी म्हणत असू.

सांधा थंड झाल्यावर कारागिरांनी कुडी चिंचेच्या पाण्यात टाकून खार व गेरू काढला, स्वच्छ पाण्याने धुतली, मग मोती कागदावरून एकेक उचलून तारांत पुन्हा ओवले. पिवळे पडलेले दोन मोती बदलावे काय, असे त्यांनी विचारले. आम्ही दुसऱ्या दिवशी मातोश्रींना विचारून कळवितो म्हणालो. मजुरी त्यांनी सांगितली ती ऐकून आम्ही लज्जित झालो. दुप्पट देऊ केली, ती त्यांनी घेतली नाही.

"आजींना घालू द्या आधी," ते म्हणाले, "फूल समोर बघतंय का ते पाहा, मग बोलू."

घरी येऊन मातोश्रींना कुडी दिली. त्यांनी आरसा न मागता ती कानात घातली, फिरकी शेवटपर्यंत फिरविली आणि नातीस विचारले, "सरळ दिसते का गं?" तिने मान डोलाविली. मग आम्ही भिंग घेऊन डाव्या कानातली, कधीही न मोडलेली कुडी पाहिली. तिच्या पाठीवर दांडी मध्याहून दोन तांदूळ वर होती आणि तिच्या मुळाशी डाख दिसतही नव्हता. ती कोणी घडविली हे विचारले तेव्हा मातोश्रींना नाव आठवले नाही. मोती मात्र बदलू नका, म्हणाल्या.